घोळीच्या पोटातला ढोल

2021 सालच्या ऑगस्टमध्ये, पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर, पालघरजवळच्या मुरबे गावातली एक बोट समुद्रात गेली आणि दीडशेहून जास्त घोळ मासे घेऊन परतली. लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम आली. लॉटरी लागल्याच्या थाटात बातमी छापून आली. पण एवढा भाव मांसाला मिळत नाही. तो मिळतो घोळीच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला. ही पिशवी सुकवून परदेशी जाते. तिचं सूप होतं, औषधात ती वापरतात, शस्त्रक्रियेच्या विरघळणाऱ्या धाग्यांसाठीही तिला मागणी असल्याचं सांगतात. जिवंत माशासाठी मात्र तिची कामं दोन. एक, पाण्यात वरखाली होताना तोल सांभाळणं. दुसरं, वाजणं.

घोळ आणि ढोमा एकाच कुळातले. या कुळातल्या बऱ्याच जातींत पिशवीला लागून खास स्नायू असतात, काहींत ते फक्त नरालाच असतात. हे स्नायू सेकंदाला कित्येकदा आकसतात, फुगलेली पिशवी थरथरते आणि पाण्यात ढब-ढब असा आवाज उठतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमधल्या सर्वांत चपळ स्नायूंत माशांच्या या आवाजी स्नायूंची गणना होते. विणीच्या दिवसांत संध्याकाळ झाली की नरांचा अख्खा थवा असा वाजू लागतो. मलेशियाच्या किनाऱ्यावर पूर्वी बोटीवर एक जाणता माणूस असे. तो बोटीची कड धरून पाण्यात उतरायचा, डोकं बुडवून ऐकायचा आणि थवा कुठे आहे, केवढा आहे हे सांगायचा. जाळं त्याच्या शब्दावर पडे.

किनाऱ्यापासून दूर आत आलं तरी हे कूळ भेटतं. कसारा लोकलनं आसनगाव सोडलं की पुढचं स्टेशन आटगाव. इथे समुद्र दिसत नाही. दिसतो तो माहुलीचा डोंगर. पण शहापूर-मुरबाडच्या स्वयंपाकघरात समुद्र नेमानं येतो. पावसाळ्याआधी सुके बोंबील, सुकट, जवळा भरून ठेवतात आणि कल्याणच्या बाजारातून ताजा ढोमाही पोचतो. ढोम्याचं डोकं चावून खाणाऱ्याच्या दाताखाली कधीतरी दोन पांढरे खडे येतात. वाटाण्याएवढे, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं खाचांचे. पोरं ते धुऊन खिशात टाकतात. हे खडे म्हणजे माशाच्या कानातले दगड. आवाजाची लाट आली की माशाचं शरीर पाण्याबरोबर हलतं, हा जड खडा मात्र किंचित मागे राहतो, आणि त्या फरकानं कानातले केस वाकतात. तेच माशाचं ऐकणं. खडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात थरावर थर दिसतात आणि त्यावरून माशाचं वय काढतात. ढोम्याच्या कुळात हे खडे खास मोठे असतात. जो मासा एवढं वाजवतो, त्याला ऐकूही चांगलं येत असणार.

बोंबलाची गंमत आणखी वेगळी. तो ज्या गणातला, त्याच गणात खोल समुद्राच्या तळाशी तीन लांब काड्यांवर उभा राहणारा तिपाई मासाही मोडतो. म्हणजे आटगावच्या तव्यावर परतला जाणारा बोंबील हा अंधाऱ्या तळाच्या रहिवाशांचा लांबचा नातेवाईकच.

या अंधाऱ्या तळाच्या रहिवाशांवर गेल्या काही दशकांत एक वेगळीच कला उभी राहिली आहे. तिला गाणं म्हणता येत नाही. तिच्यात ताल नसतो, अस्ताई-अंतरा नसतो, बहुतेकदा चालही नसते. पाण्याखालचे आवाज, त्यांच्यावर केलेले संस्कार आणि मंद पसरत जाणारे स्वर यांनी एखादी खोली भरून टाकायची आणि ऐकणाऱ्याला त्यात सोडून द्यायचं, असा हा ध्वनिकलेचा प्रकार. पाश्चात्त्य देशांत त्याला ॲम्बियंट म्हणतात आणि आता आपल्याकडेही तोच शब्द रुळला आहे. ऐकायला हे सगळं स्वप्नाळू वाटतं. त्याचा पाया मात्र नौदलाच्या तारा, मासे मोजणारी जहाजं आणि भूकंपमापक केंद्रं असा अगदी रोखठोक आहे.

समुद्र मुका आहे ही समजूत फार जुनी नाही, पण घट्ट आहे. जाक कुस्तो यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकाला आणि 1956 च्या चित्रपटाला ‘मूक जग’ अशा अर्थाचंच नाव दिलं होतं. ज्याची उभी हयात पाण्याखाली गेली त्या माणसानं असं म्हणावं, याला कारण आपला कान आहे. तो हवेसाठी घडलेला. पाण्यातला आवाज पृष्ठभागाशी येतो तेव्हा त्याची जवळजवळ सगळी ऊर्जा पुन्हा पाण्यातच परावर्तित होते. हजारातला एखादा हिस्सा हवेत निसटतो. काठावर उभ्या असलेल्या माणसाला खालचा कल्लोळ ऐकू येत नाही तो यामुळे. पाण्याच्या आत मात्र आवाजाला रान मोकळं असतं. हवेत तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, समुद्रात सुमारे 1500 मीटर. उजेडाची गत याच्या उलट. 200 मीटरखाली तो नावापुरता उरतो आणि 1000 मीटरखाली सूर्य संपतोच. तिथे शिकार, जोडीदार, शत्रू यांचा पत्ता लावायचा तर डोळ्यांपेक्षा कान, वास आणि स्वतःच्या अंगातला दिवा यांवरच भिस्त.

खोल पाण्यात आवाजासाठी एक नैसर्गिक बोगदाही आहे. खाली जाताना पाणी थंड होतं तसा आवाजाचा वेग कमी होतो. आणखी खाली गेलं की दाब वाढल्यानं तो पुन्हा वाढू लागतो. मधल्या सर्वांत संथ थरात सापडलेला आवाज वर-खाली वळत राहतो, पण बाहेर पडत नाही. बऱ्याच महासागरांत हा थर 1000 मीटरच्या आसपास असतो, अरबी समुद्रात त्याहून खोल. मॉरिस युइंग या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1944 मध्ये प्रयोग करून तो दाखवून दिला आणि नौदलाला पाणबुड्या हुडकण्याचं साधन मिळालं. 1991 च्या जानेवारीत हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, हर्ड बेटाजवळ, पाण्यात ध्वनिसंकेत सोडले गेले. ते अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्हीकडे, हजारो किलोमीटरवर ऐकू आले. त्या प्रयोगात भारतासह अनेक देश सामील होते.

कलेचा धागाही याच लष्करी तारांतून निघाला. बर्म्युडा बेटाजवळ अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या फ्रँक वॉटलिंग्टन या अभियंत्याच्या हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातल्या माईकवर, 1950 च्या दशकात विचित्र आवाज यायचे. लांबलचक हेल, मधूनच किंचाळी, मग घोगरा गुरगुराट. ते कुबड्या देवमाशांचे होते. वॉटलिंग्टननं आपली ध्वनिफीत रॉजर आणि केटी पेन या दांपत्याच्या हवाली केली. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं की हे आवाज ओळीनं पुन्हा येतात, ठरलेल्या क्रमानं. 1970 मध्ये या ध्वनिमुद्रणांची तबकडी निघाली आणि देवमाशाच्या आवाजाची तबकडी लोक गाण्यासारखी विकत घेऊ लागले. 1979 च्या जानेवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’नं अंकाबरोबर पातळ प्लास्टिकची तबकडी वाटली, तिच्या प्रती एक कोटी पाच लाख. दरम्यान ॲलन होव्हानेस यांनी वाद्यवृंदाच्या रचनेत देवमाशाचा खरा आवाज घातला, तर जॉर्ज क्रम यांनी 1971 मध्ये बासरी, चेलो आणि पियानो अशा तीनच वाद्यांत तो उभा करायचा प्रयत्न केला. व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी घालण्याचा निर्णय 1982 चा. तो घडवून आणण्यात या तबकडीचा हात मोठा होता, असं मानणारे अनेक आहेत. एखाद्या तबकडीनं जनावराचा जीव वाचवल्याचं दुसरं उदाहरण सांगणं कठीण.

याच गोष्टीला एक मराठी-कोकणी फाटा आहे. 1977 मध्ये नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या, परग्रहावर कुणी असलंच तर त्याच्यासाठी. त्यांच्यावर पेन यांनी ध्वनिमुद्रित केलेला कुबड्या देवमासा आहे, माणसांच्या शुभेच्छांमध्ये मिसळलेला. जगातल्या 55 भाषांतली अभिवादनं आहेत, त्यांत मराठी आहे. आणि गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबरला. केसरबाई गेल्या 16 सप्टेंबरला. अल्लादियाखाँसाहेबांच्या या कडक शिष्येला आपल्या शेजारी देवमासा बसवला आहे हे कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, याची कल्पना करून पाहावी. पण तबकडी जुळवणाऱ्यांनी न बोलता एक गोष्ट मान्य केली होती: देवमाशाचा आवाज ही नुसती नोंद नाही, त्याला गाण्याच्या पंगतीत पान मांडता येतं.

ॲम्बियंट संगीताचं दुसरं मूळ तर थेट किराणा घराण्यात सापडतं. ज्या घराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थायिक झाले, त्याच घराण्याच्या अब्दुल वहीदखाँचे शिष्य पंडित प्राणनाथ 1970 मध्ये न्यूयॉर्कला गेले. ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. जॉन हॅसल हा ट्रम्पेटवादकही त्यांच्याकडे शिकला आणि 1980 मध्ये त्यानं ब्रायन ईनोबरोबर एक तबकडी काढली. ईनो म्हणजे 1978 मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ काढून ‘ॲम्बियंट’ हे नाव रूढ करणारा माणूस. एका षड्जावर तासन्‌तास थांबायचं, स्वराच्या आत शिरून ऐकायचं, ही सवय प्राणनाथांच्या या शिष्यांत तानपुऱ्यानं पक्की केली. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कारागिरीचं कौतुक झालं ते योग्यच. त्या वाद्याच्या जवारीनं जगातल्या एका अख्ख्या संगीतप्रकाराला कान दिले, हे मात्र कुणी फारसं बोललं नाही.

आता खोल पाण्याकडे. तिथे खरोखर काय ऐकू येतं?

2015 च्या जुलैमध्ये रॉबर्ट झियाक यांच्या पथकानं टायटॅनियमच्या पेटीत बसवलेला हायड्रोफोन पॅसिफिकमधल्या चॅलेंजर डीपमध्ये, जवळजवळ 11 किलोमीटर खोल, सोडला. ही जगातली सर्वांत खोल जागा. दाब एवढा की उपकरण सेकंदाला काही मीटर अशा बेतानंच खाली सोडावं लागलं. तेवीस दिवसांत त्याची स्मृती भरली. सगळ्यांची अपेक्षा होती निःशब्दतेची. हाती आलं ते असं: भूकंपाचा गडगडाट, देवमाशांच्या हाका, वरून जाणाऱ्या जहाजांच्या पंख्यांची घरघर आणि डोक्यावरून गेलेल्या चक्रीवादळाचा आवाज. पृष्ठभागावरचा पाऊस-वारा अकरा किलोमीटर खाली पोचत होता.

त्याआधी 1997 मध्ये दक्षिण पॅसिफिकमध्ये एक अवाढव्य आवाज नोंदला गेला होता, ‘ब्लूप’ नावाचा. तो कुठल्या तरी अजस्र प्राण्याचा, अशी हूल वर्षानुवर्षं उठत राहिली आणि तिच्यावर कितीतरी संगीतरचनाही बेतल्या गेल्या. शेवटी उत्तर निघालं ते बर्फाचं: अंटार्क्टिकाकडचे हिमखंड तडकताना असाच आवाज होतो. राक्षसाची कथा मेली, रचना राहिल्या.

खऱ्या खोल प्राण्यांचे आवाज याहून कितीतरी नाजूक. ग्रेनेडियर नावाचे लांब शेपटीचे मासे हजार-दोन हजार मीटर खोलीवर राहतात. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ नॉर्मन मार्शल यांना 1960 च्या दशकात त्यांच्या पोटात काय दिसलं? हवेची पिशवी आणि तिला लागून ढोल वाजवणारे स्नायू. घोळीचंच वाद्य, फक्त मिट्ट काळोखात नेऊन ठेवलेलं.

पिशवीचाच आणखी एक किस्सा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या सोनारला समुद्रात काही शे मीटरवर तळ दिसायचा, जिथे नकाशात पाणी हजारो मीटर खोल होतं. रात्र झाली की हा तळ वर सरके, पहाटे पुन्हा खाली जाई. तो तळ नव्हताच. अंगावर दिव्यांचे ठिपके असलेले बोटभर लांबीचे कंदीलमासे आणि त्यांच्यासारखे असंख्य जीव रात्री खायला वर येत आणि उजाडल्यावर खाली पळत. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशव्यांवर आदळून सोनार परतत होता. पृथ्वीवरचं हे सर्वांत मोठं स्थलांतर, आणि ते रोज घडतं. 2016 च्या फेब्रुवारीत सिमोन बाउमन-पिकरिंग यांनी सॅन दिएगोजवळच्या समुद्रातली ध्वनिमुद्रणं मांडली तेव्हा असं दिसलं की हा थर वर निघतो आणि खाली परततो त्या वेळांना पाण्यात एक मंद गुणगुण भरते. आसपासच्या आवाजापेक्षा ती फक्त 3 ते 6 डेसिबल मोठी. पिशवीतला वायू सोडताना ती होत असावी, असा एक अंदाज आहे.

कंदीलमाशांची जगातली एक फार मोठी वस्ती अरबी समुद्रात आहे. 1970-80 च्या दशकांतल्या सर्वेक्षणांनी तिचा अंदाज सुमारे 10 कोटी टन बांधला होता. त्या आकड्यावर पुढे वाद झाले, पण थर दाट आहे यात वाद नाही. दिवसा हे मासे प्राणवायू अगदी कमी असलेल्या पाण्यात दबून बसतात, कारण पाठलाग करणाऱ्या मोठ्या माशांना तिथे दम लागतो. म्हणजे कोकणपट्टीच्या पश्चिमेला, खोल पाण्यात, संध्याकाळ झाली की ही वस्ती वर निघते आणि पहाटे खाली उतरते. वेळापत्रक कसारा लोकलपेक्षा चोख.

आपल्या किनाऱ्यावर ऐकणारे लोकही आहेत. डोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून काम करते. तिथले विश्वजित चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुआरीच्या खाडीत टेरापॉन जातीच्या माशांचे आवाज टिपले, ग्रांदे बेटाच्या प्रवाळांभोवतीचा कलकलाट नोंदवला. श्याम मधुसूदन, चक्रवर्ती आणि जी. लता यांचा शोधनिबंध तर गोव्याच्या किनाऱ्याजवळ गाणाऱ्या कुबड्या देवमाशांवर आहे. अरबी समुद्रातला हा कळप जगावेगळा. बाकीचे कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे जातात, हे वर्षभर इथेच राहतात, आणि संख्येनं फार थोडे उरले आहेत. लक्षद्वीपला कवरत्तीजवळ दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड यांनी निळ्या देवमाशाचं गाणं टिपलं. ते 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात 2015 मध्ये निळा देवमासा पिल्लासह दिसला होता, तो कुठल्या वाटेनं आला असेल याचा माग आता आवाजावरून काढता येऊ लागला आहे.

या सगळ्या कच्च्या मालाचं कलेत काय होतं, हे पाहायचं तर नॉर्वेच्या याना विंडेरेनकडे जावं. तिनं ऑस्लो विद्यापीठात गणित, रसायन आणि मत्स्यपरिस्थितिकी शिकून मग लंडनला कलेचं शिक्षण घेतलं. हायड्रोफोन घेऊन ती ग्रीनलंड, बॅरेंट्स समुद्र, हिमनद्यांच्या भेगा अशी फिरते. 2009 ची तिची एक रचना संपूर्ण कोळंबी-खेकड्यांच्या आवाजांवर आहे, तर ‘एनर्जी फील्ड’ या तबकडीला 2011 मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तिच्या रचनांत प्राणी पुढे येऊन गात नाहीत. बर्फ कण्हतो, कुठेतरी मासा गुरगुरतो, मधूनच तेलात मोहरी तडतडावी तसे आवाज येतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी लक्षात येतं की आपण श्वास हळू घेतो आहोत.

तो तडतडाट असतो चुटकी वाजवणाऱ्या कोळंबीचा. बोटाच्या दोन पेरांएवढा हा जीव. त्याचा एक चिमटा अंगाच्या मानानं राक्षसी. चिमटा मिटतो तेव्हा पाण्याची पिचकारी एवढ्या वेगानं सुटते की तिच्यामागे पोकळी होऊन बुडबुडा तयार होतो, आणि तो कोसळतो तेव्हा कडाका होतो. चिमट्याच्या दोन पात्यांच्या आपटण्याचा हा आवाज नाही, हे 2000 मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यानं सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्या कोसळत्या बुडबुड्यात प्रकाशाची ठिणगीही सापडली. तापमान काही हजार अंशांवर. या कोळंबीच्या वस्तीत पाणबुडीला सोनारनं शोधणं अवघड जातं, म्हणून महायुद्धात पाणबुड्या तिच्या आडोशाला लपत.

आता थोडं खटकणारं. मोबाइलवर ‘खोल समुद्राचे आवाज’ म्हणून जे तासन्‌तास मिळतं, त्यातलं बरंचसं सिंथेसायझरच्या लांब सुरावर घातलेली घुमारी असते. त्यात समुद्र नाही आणि जीवही नाही. झोप येण्यासाठी कुणी ते लावत असेल तर बिघडलं काहीच नाही. पण प्राण्याचं नाव लावलं की त्याच्याबद्दल काहीतरी खरं सांगायची जबाबदारी येते. कलावंतानं निदान चार गोष्टी सांगाव्यात: कोणता जीव, कुठे, किती खोल आणि वेग किती बदलला. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे चांगल्या कलावंतांनाही हात घालावाच लागतो. काही निळ्या देवमाशांचा आवाज सेकंदाला वीस कंपनांखाली जातो, जे माणसाला ऐकूच येत नाही. दहा पट वेगानं वाजवला की तो ऐकू येतो, पण मग जो संथपणा त्या प्राण्याचा स्वभाव आहे तोच नाहीसा होतो. वटवाघळासारखे अतिउच्च आवाज काढणाऱ्या डॉल्फिनचं उलटं. त्यांना खाली ओढावं लागतं. जेलीफिश तर आवाजच काढत नाहीत. स्लोव्हेनियाची रोबर्टिना शेबयानिच हिनं जेलीफिशच्या हालचालींचं आवाजात रूपांतर करून रचना केली. तिथे ऐकू येतं ते जनावर नसून त्याच्या हालचालींचं भाषांतर असतं. ती तसं सांगते, म्हणून ते चालतं. डेसिबलच्या आकड्यांचंही असंच. पाण्यातला 200 आणि हवेतला 200 यांची मोजपट्टी वेगळी. तरीही ‘कोळंबी जेट विमानापेक्षा मोठ्यानं ओरडते’ असं बेधडक छापलं जातं.

आटगावच्या कुणाला हे करून पाहायचं तर समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पितळेची, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी पिझो चकती दहा-वीस रुपयांत मिळते. बझरमध्ये असते तीच. दाब पडला की तिच्यात वीज तयार होते, आणि आवाज म्हणजे दाबाचीच लाट. तिच्या मधल्या पांढऱ्या भागाला एक तार, पितळेच्या कडेला दुसरी अशी डाग देऊन जोडायची. तार जाळीदार वेष्टणाची घ्यावी, नाहीतर वरून जाणाऱ्या विजेच्या तारांची भणभण समुद्रापेक्षा मोठी ऐकू येते. मग चकती आणि सांधे एपॉक्सीच्या दोन थरांत पूर्ण बुडवायचे. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी पाणी शिरतं आणि नुसती करकर उरते. दुसऱ्या टोकाला पिन लावून छोट्या ॲम्प्लिफायरमधून रेकॉर्डरला. महागड्या हायड्रोफोनमध्येही तत्त्व हेच असतं. तिथे सिरॅमिक चांगलं आणि आवरण भक्कम.

बुडवायची कुठे? मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की शहापूर-मुरबाडकडे वलगण चढते. भातसा, काळू आणि त्यांच्या ओढ्यांतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहानं खाचरांत शिरतात आणि पोरं-बाप्ये कंदील, पोती घेऊन रात्री धावतात. त्यात शिंगटी असते. ती हातात धरली की करकरते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तो आवाज तोंडातून येत नाही. छातीजवळच्या काट्याचं बूड खोबणीत घासून ती तो काढते, आणि पाण्याखालीही काढते. चार बोटं पाण्यातल्या चकतीला बेडकांच्या हाकांची खालची बाजू ऐकू येते, पाणवनस्पतींतून सुटणाऱ्या बुडबुड्यांची टिकटिक येते, आणि सर्वांत जास्त येतात ते कीटक. अमेरिकी संगीतकार डेव्हिड डन यांनी डबक्यातल्या अशाच आवाजांवर 1991 मध्ये एक रचना केली, तेव्हा ती यंत्रावर तयार केली असावी असं ऐकणाऱ्याला वाटावं इतकी ती गुंतागुंतीची होती. युरोपातल्या मायक्रोनेक्टा या जेमतेम दोन मिलिमीटरच्या पाणकिड्याचा आवाज 2011 मध्ये मोजला तर 99 डेसिबलपर्यंत भरला. तो आपल्या जननेंद्रियाचा भाग पोटावर घासून ओरडतो. पाण्यातून हवेत येताना त्या आवाजाचा 99 टक्के भाग गळतो, म्हणून काठावरून चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. या किड्याचे भाऊबंद भारतातही आहेत.

ऐकायची दुसरी जागा म्हणजे तानसा धरणाचे पाइप. हे धरण 1892 मध्ये पुरं झालं आणि तेव्हापासून शहापूर तालुक्याचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो, हे दर वर्षीचं. मुंबईत गळती शोधणारे कामगार रात्री, रहदारी थांबल्यावर, लोखंडी कांबीचं एक टोक जमिनीवर किंवा व्हॉल्व्हवर आणि दुसरं कानाला लावून फिरतात. निरोगी पाइप कसा घुमतो आणि फुटलेला कसा सुसकारतो, हे त्यांना यंत्राशिवाय कळतं. ध्वनिकलावंत ज्याला संपर्क-माईक म्हणतात आणि ज्यासाठी कार्यशाळा भरवतात, ते काम ही मंडळी पगारावर करत आली आहेत.

चकती पाइपला चिकटपट्टीनं लावली तर घुमारा स्वच्छ येतो. पालिकेच्या सुरक्षारक्षकानं हटकलं तर समजावून सांगायला थोडा वेळ जाईल. तानसा अभयारण्याच्या हद्दीत पाण्यात काहीही सोडायचं तर वनखात्याची परवानगी लागते. खाचरात मालकाची पुरते, आणि तो बहुधा हेडफोन आधी आपल्या कानाला लावून बघतो.